सौ. लिहू का श्रीमती?

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या मंडळाची पोरं दुकानात आली, विजय दिवसाचा फ्लेक्स पाहिजे म्हणाली, दहा बाय सहा, वरती कन्नड खाली मराठी, मध्ये तिरंगा आणि दोन्ही बाजूला एकाहत्तरच्या लढाईतल्या हुतात्म्यांचे फोटो, 16 डिसेंबरच्या आधी चौकात लागला पाहिजे. फोटो पेनड्राईव्हमध्ये भरून आणले होते, कुठून कुठून मोबाईलवरून गोळा केलेले, काही धूसर, काहींच्या खाली नाव, काहींच्या खाली नाही. बेळगावात डीटीपी करायला लागून मला आता बावीस वर्षं होतील आणि असली कामं म्हणजे हातच करतात, डोकं लागत नाही. फोटो गोल कापायचा, खाली नाव, नावाच्या आधी 'हुतात्मा' आणि फोटोला झेंडूचा हार. तो हार आमच्याकडे एकदा करून ठेवलेला आहे, हव्या त्या फोटोवर बसवायचा, की झालं.

आठवा का नववा फोटो उघडला तर हवाई दलाच्या गणवेशातला एक देखणा तरुण माणूस. फाईलला नाव दिलेलं, तांबे. मी सवयीनं टाईप केलं, हुतात्मा फ्लाईट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, हार बसवला, आणि तिथंच थांबलो. पोरांना म्हटलं, अरे ह्यांना हुतात्मा कुणी केलं? हे बेपत्ता आहेत. त्यातला एक म्हणाला, "काका, एवढं काय डोकं लावालाय, पन्नास वर्षांच्या वर झाली की, टाका हुतात्मा." त्याची चूक नाही. त्याला वाटलं मान वाढतोय. पण माझा हात काही पुढं जाईना, आणि का जाईना हे त्या पोरांना उभ्या उभ्या सांगता आलं नाही म्हणून इथं लिहितोय.

आधी त्या माणसाबद्दल. 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि पश्चिमेकडं लढाई पेटली. तांबे हवाई दलाच्या 32 नंबर स्क्वाड्रनचे, सुखोई-7 चालवायचे. हे एका इंजिनचं, एकाच माणसाचं रशियन लढाऊ विमान, खाली उतरून जमिनीवरच्या ठिकाणांवर मारा करायचं काम ह्याच्याकडं जास्त, त्यामुळं खालच्या तोफांच्या तोंडात पहिलं हेच सापडायचं. 5 डिसेंबरला, म्हणजे लढाई सुरू होऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर, पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ला करताना त्यांचं विमान पाडलं गेलं. ते परत आले नाहीत. सरकारी कागदावर शब्द आला तो 'मिसिंग'.

घरी बायको होती. दमयंती तांबे, माहेरच्या सुभेदार. बॅडमिंटनमधली देशाची विजेती, अर्जुन पुरस्कार मिळालेली खेळाडू. वय तेवीसच्या आसपास, आणि लग्नाला दीड वर्ष झालेलं. दीड वर्ष म्हणजे किती हो, आमच्याकडे तर नव्या नवरीचं कौतुकसुद्धा पुरतं फिटत नाही एवढ्यात. त्यांनी परत लग्न केलं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली आणि उरलेलं सगळं आयुष्य एका प्रश्नाच्या मागं घातलं, की माझा नवरा कुठं आहे ते सांगा.

आता ह्यात एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही, कदाचित माझा धंदाच अक्षरांचा म्हणून. त्या लढाईच्या दिवसांत ढाक्याहून निघणाऱ्या एका इंग्रजी पेपरात बातमी आली होती की पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले, आणि त्यात एक नाव होतं फ्लाईट लेफ्टनंट टॉम्बे. टॉम्बे. तांबे नाही. म्हणजे बघा, घरच्यांच्या हातात पहिला पुरावा आला तो एका चुकीच्या स्पेलिंगचा. आम्ही दिवसभर प्रूफं वाचतो, एका अक्षराची चूक झाली तर कस्टमर पत्रिका परत आणून टेबलावर आपटतो, फार तर कागदाचे पैसे जातात. इथं एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं आणि त्या एका अक्षराच्या पलीकडं माणूस जिवंत आहे का नाही एवढा सवाल. हवाई दलात त्या नावाचा दुसरा कोण होता? त्या टॉम्बेला धरून ती बाई पन्नास वर्षं चालत राहिली.

मला हे सगळं ठाऊक असण्याचं कारण मात्र पुस्तकी नाही. कारण आमच्या घरातली थोरली आई.

आमचं मूळ गाव सांबऱ्याच्या जवळ. तिथं हवाई दलाचं ट्रेनिंग स्कूल, विमानतळ, त्यामुळं डोक्यावरनं विमान गेलं तरी आमच्याकडची म्हैससुद्धा मान वर करत नाही. थोरली आई म्हणजे माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको. तिचा नवरा, आमचे थोरले आबा, मराठा रेजिमेंटमध्ये. ह्या भागात घरटी एक माणूस तिकडं जायचा, सेंटरच बेळगावात, भरतीला चालत जाता येतंय. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीला गेले आणि 1944 साली तार आली. गावात इंग्रजी वाचणारे एकटे शाळामास्तर. त्यांनी तार वाचली, मिसिंगला काय म्हणावं त्यांनाही पटकन सुचलं नसणार, म्हणाले, "हरवलाय." थोरली आई तेव्हा अठरा वर्षांची. ती म्हणाली म्हणे, "हरवलाय म्हणजे सापडंल की."

बरोबरच होतं तिचं. गावात हरवतं ते शेरडू, हरवती ती विळी, आणि हरवलेलं दोन दिवसांनी सापडतंय. मेलाय असं कुणी म्हटलंच नव्हतं तिला, आणि नंतरही कुणी म्हटलं नाही. पुढं कधीतरी पेन्शनचा कागद आला, त्यावर अंगठा दिला, पैसे घेतले, त्या पैशांतनं माझ्या वडिलांची शाळा झाली. पण कागदावरचा अंगठा आणि कपाळ ह्या दोन गोष्टी तिनं शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या.

कपाळाचं सांगतो. आताच्या टिकलीच्या जमान्यातल्या पोरींना कदाचित ठाऊक नसेल, पूर्वी कुंकू लावताना आधी कपाळाला बोटानं मेण लावायचं आणि त्या मेणावर कुंकू, म्हणजे ते दिवसभर टिकतं. थोरल्या आईचा पितळेचा करंडा होता, एका कप्प्यात मेण, एकात कुंकू. रोज सकाळी आंघोळ झाली की ती उंबऱ्याजवळच्या फळीवरनं करंडा काढायची, आरशाचा तुकडा भिंतीला टेकवायची, मेणात बोट घालायची, कपाळावर बरोबर मध्ये गोल फिरवायची. आणि करंडा बंद करायची. कुंकू लावायची नाही. नुसतं मेण. उन्हात बसली की भुवयांच्या मध्ये तेवढा रुपयाएवढा गोल चकाकायचा, त्यावर काहीच नाही.

लहानपणी मला वाटायचं तिला घाम येतोय.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका यायच्या, तिच्यापुढं आल्या की त्यांचा हात मध्येच थांबायचा. लावावं तर तिनं स्वतः लावलेलं नाही, आणि न लावावं तर तिचा नवरा मेलाय असं आपणच ठरवल्यासारखं. मग एखादी शहाणी नुसता तिळगूळ हातावर ठेवून पुढं जायची. थोरली आई कुणाला काही बोलायची नाही. जेवणाच्या पंगतीत कडेला बसायची नाही, मध्येही बसायची नाही, स्वयंपाकघरात वाढायचं काम अंगावर घ्यायची, म्हणजे बसायचा प्रश्नच नको.

वडील एक आठवण सांगतात, डिसेंबर 1961 ची. गोवा घ्यायच्या वेळची. तेव्हा सांबऱ्याला हंटर विमानं आणून ठेवली होती, 18 डिसेंबरला ती गोव्यावर गेली आणि बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवून आली, बेळगावात तेव्हा मिलिटरीच मिलिटरी. वडील शाळकरी, थोरल्या आईबरोबर मसुराच्या शेतात. डोक्यावरनं हंटर गेली तशी ही बांधावर उभी राहून बोटं घालून मोजायला लागली. पोरं आनंदानं ओरडत होती, ही मोजत होती. मग कामाला लागली पण अर्धं लक्ष वर. विमानं परत आली तेव्हा परत मोजली, आकडा जुळला आणि मग खुरपं हातात घेतलं. वडील म्हणतात तेव्हा कळलं नाही की ही कशाला मोजत्येय, जाताना सगळे बघतात, येताना कोण मोजतंय.

2007 साली पेपरात बातमी आली की एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झालेल्यांचे 14 नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांतनं आपली माणसं शोधायला गेलेत. त्यात दमयंती तांब्यांचं नाव होतं. ह्याच्या आधी 1983 मध्येही काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊन हात हलवत परत आले होते, आणि पाकिस्तानचं सुरुवातीपासून एकच उत्तर, आमच्याकडे तुमचा एकही युद्धकैदी नाही. वडिलांनी ती बातमी सोप्यात बसून मोठ्यानं वाचली. थोरली आई तेव्हा ऐंशीच्या पुढं, ऐकायला कमी येत होतं, पण सगळं ऐकलं. तुरुंग, सरकार, चौपन्न माणसांची यादी, ह्यातलं काही तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, "ती बाई कुंकू लावती काय रे?"

वडिलांना ठाऊक नव्हतं. ते गप्प बसले. ती परत म्हणाली, "बघ कुठं फोटो हाय काय." पेपरातल्या फोटोत काही कळत नव्हतं, काळं-पांढरं सगळं. तिनं तो कागद डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला.

त्या चौपन्न माणसांचं थोडं सांगायला पाहिजे, कारण आमच्या पोरांनाच काय, मोठ्यांनाही ते नीट माहीत नसतं. लढाई संपली तेव्हा पाकिस्तानचे सुमारे 93,000 लोक आपल्या ताब्यात होते. जुलै 1972 मध्ये सिमला करार झाला, पुढं ते सगळे परत पाठवले, आपलेही कैदी आले, आणि घरोघरी हिशेब जुळेना, आमचा आला नाही. 1979 मध्ये लोकसभेत सरकारनं बेपत्ता माणसांची नावं दिली, पुढं ती यादी वाढली आणि 'मिसिंग 54' हा शब्द चालू झाला. मला ह्यातली सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट वाटते ती मेजर अशोक सुरींची. त्यांना आधी लढाईत मृत म्हणून घोषित केलं होतं. 1974 च्या शेवटी वडिलांच्या हातात त्यांची चिठ्ठी पडली, मी ठीक आहे म्हणून, पुढच्या वर्षी कराचीहून आणखी एक. अक्षर तपासलं, त्यांचंच निघालं, आणि सरकारनं कागदावर 'मृत' खोडून 'बेपत्ता' केलं. म्हणजे अक्षराच्या वळणानं एक माणूस मेलेल्यांतनं काढून मधल्या जागेत आणून ठेवला. त्याच्या पुढं मात्र तो आला नाही. त्या बापानं ते दोन कागद किती वेळा उलगडले असतील.

ही मधली जागाच वाईट. कायद्यात तिची सोय आहे, आधी 1872 च्या पुरावा कायद्यातलं 108 वं कलम होतं, 2024 पासून त्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातलं 111 वं, सात वर्षं ज्यांना कळायला पाहिजे त्यांनाच काही कळलं नाही तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायचं ओझं तसं म्हणणाऱ्यावर. धर्मातही सोय आहे, बारा वर्षं वाट बघून पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. थोरल्या आईला भटजींनी दोनदा सुचवलं होतं. ती म्हणाली, "पानं जाळून काय करू?" सात काय आणि बारा काय, हे आकडे मागं राहिलेल्यांची सुटका व्हावी म्हणून ठेवलेत आणि त्यात वावगं काही नाही, कुणी ती सुटका घेतली तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण एखादी बाई नको म्हणते तेव्हा तिला वेडी म्हणायची आपली जी घाई असते ती मला सहन होत नाही. तिला कुणी खरं सांगितलंय काय? सांगितलं नाही ना? मग तिनं काय म्हणून मानायचं?

आणि परत येतात हो माणसं, हेच तर अवघड आहे. दिलीप पारुळकर, तेही मराठी, तेही सुखोई-7 चेच, तांब्यांनंतर पाचच दिवसांनी, 10 डिसेंबरला पाडले गेले. ते युद्धकैदी झाले, रावळपिंडीच्या कॅम्पात होते, आणि ऑगस्ट 1972 मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी ह्या दोघांना घेऊन भिंत फोडून पळाले, पार पेशावरच्या पुढं लांडी कोतलपर्यंत पोचले. अफगाण सरहद्द थोड्या मैलांवर. तिथं त्यांनी लांडी खानाला जायला टॅक्सी विचारली, जुन्या नकाशावर ते स्टेशन होतं म्हणून, आणि ते तर 1932 लाच बंद झालेलं. त्या एका नावानं लोकांना संशय आला आणि पकडले गेले. पण डिसेंबर 1972 मध्ये बाकीच्यांबरोबर ते जिवंत घरी आले. तेच विमान, तीच लढाई, पाच दिवसांचं अंतर, एक वाघ्याहून चालत येतो आणि दुसऱ्याचं नाव एका पेपरात चुकीचं छापून तिथंच राहतं. दमयंती तांब्यांनी हे परत आलेले वैमानिक बघितले असतीलच. मग त्यांनी आशा कुठल्या तोंडानं सोडायची?

कन्नड मजकूर मला शेजारच्या दुकानातला मित्र टाईप करून देतो, वर्षानुवर्षं असंच चाललंय, त्याचं मराठी मी बघतो माझं कन्नड तो. त्या दिवशी फ्लेक्सचा विषय निघाला तर तो म्हणाला, आमच्या कोडगूचा देवय्या ठाऊक आहे काय. अज्जमाडा बोपय्या देवय्या, स्क्वाड्रन लीडर, 1965. 7 सप्टेंबरला सरगोध्यावर हल्ला करायला मिस्टेअर विमानं गेली त्यात हे राखीवमध्ये होते, ऐनवेळी सामील झाले आणि परत आलेच नाहीत. बेपत्ता. कितीतरी वर्षं एवढंच. नंतर पाकिस्तानच्या बाजूनं लिहिल्या गेलेल्या एका पुस्तकातनं उलगडा झाला की त्या दिवशी एका मिस्टेअरनं, स्वतः मार खाल्लेला असताना, पाकिस्तानचं कितीतरी वेगवान स्टारफायटर विमान पाडलं होतं. परत आलेल्यांपैकी तर ते कुणी केलं नव्हतं. मग राहिला कोण? 1988 मध्ये त्यांना मरणोत्तर महावीरचक्र दिलं, त्यांच्या पत्नीनं घेतलं. मित्र सांगता सांगता थांबला, म्हणाला, "शत्रूनं सांगितलं म्हणून कळलं बघ."

मला तेच लागून राहिलंय. कुणाला तरी ठाऊक असतंय. शोरकोट रोडला त्या दिवशी तोफेवर कोण होतं, विमान पडल्यावर धावत कोण गेलं, पेपरवाल्याला टॉम्बे हे नाव कुणी सांगितलं. ती माणसं म्हातारी होऊन गेली असतील, कदाचित कुणाला सांगायची वेळच आली नाही. एक ओळ पुरली असती. तुझा नवरा इथं पडला, इथं पुरला, किंवा अमुक साली तमुक तुरुंगात गेला. वाईट बातमी सुद्धा देणं असतं आणि ते दिलं नाही तर त्याचं व्याज दुसरंच कुणीतरी भरतं.

थोरली आई 2011 मध्ये गेली, पंच्याऐंशी वर्षांची होऊन. पेपरात द्यायची निधनाची जाहिरात मीच बसवली. साचा ठरलेला, नावाच्या आधी सौ. किंवा श्रीमती किंवा गं. भा., तेवढं निवडायचं. वडिलांना फोन केला, काय लिहू? पलीकडं सोप्यात वाद चाललेला ऐकू येत होता. चुलते म्हणत होते गं. भा. लिही, सरकारनं पेन्शन दिलीय. आत्या म्हणाली सौ. लिहा, सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी नेसवूया, एवढं तरी. कुणीतरी म्हणालं श्रीमती लिहून मोकळे व्हा. सगळे रडत होते आणि सगळे भांडत होते. आयुष्यभर तिला कुणी थेट विचारलं नव्हतं आणि आता विचारायची सोय राहिली नव्हती. शेवटी वडील फोनवर आले, म्हणाले, "आधी काय लावू नको. नुसतं नाव लिही." मी तसंच केलं. जाहिरातीत नावाच्या आधी थोडी जागा रिकामी राहिली, साच्यामुळं, ती मी भरली नाही.

दिवस झाल्यावर तिची ट्रंक आवरली तेव्हा करंडा माझ्याकडं आला, अजून आहे. मेणाच्या कप्प्यात मध्यभागी खोल खळगा पडलाय, बोटाच्या मापाचा, माझं बोट त्यात जात नाही. कुंकू सुकून त्याचा खडा झालाय, वरची पातळी अगदी सपाट.

तर त्या फ्लेक्सचं. मी तांब्यांच्या नावापुढचं हुतात्मा काढलं आणि खाली लिहिलं, बेपत्ता, 5 डिसेंबर 1971. फोटोवरचा हारही काढला. पोरं जरा नाराज झाली, सगळ्यांना हार आणि ह्यांनाच नाही, बरं दिसत नाही म्हणाली, लोक विचारतील. विचारू देत म्हटलं. विचारलंच लोकांनी. फ्लेक्स लागला त्या आठवड्यात पाच-सहा जणांनी तरी मला दुकानात येऊन सांगितलं की तुमचा एक हार राहिलाय, एक रिटायर्ड सुभेदार तर पार कॅम्पातनं आले होते, त्यांना सगळं सांगितलं तर चहा पिऊन गेले, जाताना फ्लेक्ससमोर उभे राहिलेले दिसले.

यंदा पोरं परत आलीत. तोच फ्लेक्स पाहिजे, मंडळाचा नवा लोगो टाकायचाय, साल बदलायचंय. फाईल उघडायच्या आधीच त्यातला एक म्हणाला, "काका, तांब्यांच्या फोटोला हार घालू नका हं."